भूक नसलेल्या सॅमनला गळाला कसं लावायचं

नदीत शिरलेला सॅमन जेवत नाही. समुद्रात काही वर्षं मनसोक्त हादडून झालं आणि तो जन्माच्या नदीकडे वळला की त्याचं पोट-आतडं आक्रसायला लागतं, आणि मग पुढचा सगळा प्रवास, ओढीविरुद्ध पोहणं, धरणाच्या फिश लॅडर (मासे वर चढावेत म्हणून केलेल्या पाण्याच्या पायऱ्या) चढणं, अंडी घालणं, हे सगळं अंगात साठवलेल्या चरबीवर. आणि तरीही अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात कोलंबिया, विलामेट, काउलिट्झ, रोग या नद्यांवर दरवर्षी हजारो लोक प्लॅस्टिकचा एक बाकदार रंगीत तुकडा, म्हणजे प्लग, पाण्यात सोडतात आणि दहा-पंधरा किलोचा सॅमन तो तुकडा जबड्यात धरतो. खायचंच नसेल तर धरतो कशाला?

पोर्टलंड-हिल्सबरो आणि सिअ‍ॅटलच्या आसपास आता आपली मंडळी भरपूर आहेत, त्यातल्या कोकणातल्यांना लहानपणी खाडीवर गरवायला गेल्याची सवय असते, म्हणजे गरीला कोलंबी लावायची, टाकायची आणि बसायचं, मासा भुकेला असला की येतोच. इथे नेमकं हेच डोक्यातून काढावं लागतं. सॅमन तुमच्याकडे येणार नाही, तुम्हाला वस्तू त्याच्या नाकासमोर न्यायची आहे आणि तिथे ती रेंगाळत ठेवायची आहे. बाकी रंग, वास, हुक हे सगळं त्यानंतर.

तो का चावतो याचं एकच उत्तर नाही. समुद्रात वर्षानुवर्षं हलणारी चमकणारी वस्तू दिसली की तोंड मारायची सवय लागलेली असते, ती पोट बंद झालं म्हणून लगेच जात नाही. शिवाय अंडी घालायचा काळ जवळ येतो तसे हे मासे तिरसट होतात, आपल्या जागेत घुसलेल्याला हाकलतात. आपलं पोट भरलेलं असलं तरी कानाशी गुणगुणणारा डास आपण मारतोच, साधारण तसं. पण खायची सवय अजून ताजी असल्यामुळे समुद्रातून नुकताच आलेला चंदेरी मासा, ज्याच्या अंगावर अजून सी लाईस, म्हणजे समुद्रातले छोटे परजीवी, चिकटलेले आहेत (गोड्या पाण्यात ते काही दिवसांत गळून पडतात), तो जास्त चावतो. जातीनुसारही फरक आहे, चिनूक आणि कोहो प्लगवर चांगले येतात, सॉकाय मात्र समुद्रातही मुख्यतः बारीक प्लँक्टनवर जगलेला असतो, तो प्लगला फारसा विचारत नाही. सॉकायच्या सीझनमध्ये प्लग ओढत बसलात तर दिवस बोटीत डबा खाण्यात जाईल.

आता प्लग म्हणजे काय ते बघू. डायव्हिंग प्लग हा मुळात तरंगणारा असतो. हातातून पाण्यात टाकलात तर वर राहतो. पण त्याला दोरीने धरून ठेवलं आणि समोरून पाणी आलं की त्याच्या पुढच्या तिरक्या भागावर पाण्याचा दाब पडतो, नाक खाली जातं आणि तो बुडी मारतो. काहींना पुढे वेगळी जीभ असते, काहींचं अंगच चपटं आणि वाकडं असतं. या दुसऱ्या प्रकारातला फ्लॅटफिश १९३० च्या दशकात डेट्रॉईटच्या चार्ल्स हेलिनने काढला, आज सॅमनवाले ज्या क्विकफिशची पाकिटं विकत घेतात तो त्याच घराण्यातला. मॅगलिप वगैरे नवीन मंडळी जीभवाली.

आणि आता मुख्य गंमत, वेगाची. समजा नदी सेकंदाला १.२ मीटर वेगाने वाहतेय. तुम्ही बोट नुसती सोडून दिलीत तर बोट, दोरी, प्लग सगळं पाण्याबरोबर वाहणार, प्लगला वाटणार पाणी स्थिरच आहे, तो वर तरंगणार. म्हणून वल्हवणारा (किंवा छोटी मोटर) प्रवाहाविरुद्ध जोर लावतो, पण इतकाच की बोट पूर्ण थांबत नाही, सेकंदाला ०.४ मीटरने मागे मागे घसरत राहते. मग प्लगला जाणवणारा वेग उरला ०.८. तेवढ्यावर तो बुडी मारून मस्त हलतो, आणि त्याच वेळी जमिनीच्या हिशोबाने मात्र फक्त ०.४ ने, म्हणजे अगदी रमतगमत चालल्यासारखा, प्रवाहाबरोबर खाली सरकतो. दहा मीटरच्या डोहाला पंचवीस सेकंद. तळाशी प्रवाहाकडे तोंड करून उभ्या असलेल्या सॅमनला समोरून एक थडथडणारी वस्तू हळूहळू अंगावर येताना दिसते, त्याच्यापुढे पर्याय दोन, मागे सरका नाहीतर चावा. मागे सरकत सरकत डोहाच्या शेवटच्या उथळ भागापाशी पोचला की मागे जागा उरत नाही आणि बरेच दणके तिथेच बसतात. याला तिकडे बॅकट्रोलिंग म्हणतात. नवीन माणसाची वल्ही तिथेच दमतात आणि बोट पटकन खाली सुटते, म्हणजे नेमकं जिथे मासा चावणार तिथेच प्लग वर येतो. डोहाच्या शेवटाला जास्त जोर लावायचा असतो, कमी नाही.

बोटीतल्या सगळ्या दोऱ्या सारख्या अंतरावर सोडायच्या हेही याच कारणाने, साधारण १५ ते २० मीटर, लाईन काउंटरवाली रीळ असेल तर बघून, नसेल तर हाताने मोजून. तीन-चार प्लग एका रांगेत आले तर माशाला बाजूने निसटायला जागा कमी मिळते. एक पुढे एक मागे असेल तर रांगेला भोक पडतं, मासा त्यातून निघून जातो.

खोलीबद्दल एक गैरसमज खूप आहे की जोरात ओढलं की प्लग खोल जातो. थोडंसंच खरं आहे. प्लगला खाली दाबणारा पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, पण दोरीवर बसणारं पाण्याचं ओढणंसुद्धा वेगाच्या वर्गानेच वाढतं आणि ते प्लगला वर खेचत असतं. दोन्ही एकाच प्रमाणात वाढले तर हिशोब जवळपास तिथल्या तिथेच. प्लगचं स्वतःचं तरंगणं तेवढं वेगाने बदलत नाही, म्हणून अगदी कमी वेगात फरक पडतो, पण एका मर्यादेनंतर वेग वाढवून खोली मिळत नाही, उलट प्लग पलटी मारून आडवा होतो आणि पृष्ठभागावर येतो. खोली हवी असेल तर दोरी बारीक करा. दोरीचा अडथळा तिच्या जाडीच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तेवढ्याच ताकदीची बारीक, विणलेली दोरी (ब्रेडेड लाईन) वापरली की तोच प्लग बराच खाली जातो. दोरी जास्त सोडूनही खोली वाढते, पण काही अंतरानंतर जास्तीची दोरी स्वतःच अडथळा होऊन बसते. पाणी फारच खोल असेल तर पुढे डायव्हर (बुडी मारणारी चपटी पाटी) किंवा शिसं लावून प्लग खाली न्यायचा, तिथे हट्ट करण्यात अर्थ नाही.

आणि खाली का जायचं? कारण नदीचं पाणी तळाशी घासून मंद होतं, वर १.२ असेल तर तळाच्या दगडांजवळ त्यापेक्षा बरंच कमी. जेवण बंद असलेला मासा चरबी वाचवायला त्या मंद थरात राहणार, वेगवान आणि मंद पाणी जिथे भेटतं त्या रेघेवर, मोठ्या दगडामागे, डोहाच्या शेवटी. प्लग अधूनमधून तळाला टेकला पाहिजे. कधीच टेकत नसेल तर तुम्ही माशांच्या डोक्यावरून जाताय.

आता माशाच्या बाजूने बघू, मला हा भाग सगळ्यात आवडतो. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा आहे आणि प्लग त्याच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे प्लगकडून येणारं सगळं पाण्याबरोबर थेट त्याच्या तोंडावर. आधी पोचतो वास. नंतर जवळ आल्यावर हेलकाव्यांची जाणीव. सगळ्यात शेवटी दिसणं, गढूळ पाण्यात तर अगदी हातभर अंतरावर.

वासाचं नाक सॅमनचं कसलं तिखट आहे हे १९५० च्या दशकात आर्थर हास्लर आणि वॉरन विस्बी यांनी सिअ‍ॅटलजवळच्या इसाक्वा क्रीकवर दाखवलं. परत आलेले कोहो पकडून काहींच्या नाकपुड्या बंद केल्या आणि दुफाट्याच्या खाली सोडले, नाक उघडं असलेले बहुतेक आपापल्या फाट्याला बरोबर गेले, नाक बंद असलेले भांबावले. (त्याच इसाक्वात आज आपले कितीतरी लोक राहतात आणि ऑक्टोबरमध्ये गावातल्या हॅचरीत, म्हणजे सॅमनची पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात, पोरांना सॅमन दाखवायला नेतात.) त्याच दशकात ब्रिटिश कोलंबियात असं दिसलं की वर चढणाऱ्या सॅमनच्या वाटेत माणसाचे हात धुतलेलं पाणी सोडलं की मासे थांबतात, मागे फिरतात, अस्वलाच्या पंजाचं पाणी सोडलं तरी तेच. शोधत गेल्यावर त्यामागे एल-सेरीन नावाचं अमिनो आम्ल निघालं, सस्तन प्राण्यांच्या कातडीवरून सुटणारं. सॅमनच्या लेखी तो शिकाऱ्याचा वास. म्हणून प्लगला हात लावायच्या आधी हात धुवा, शक्यतो ग्लव्ज घाला, आणि सनस्क्रीन लावलेल्या किंवा पेट्रोल भरलेल्या हाताने तर प्लगला शिवूच नका, कारण तो वास पहिला पोचणार आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात.

याच्याच उलट उपयोग म्हणजे सार्डीन रॅप. तारली जातीच्या माशाची एक पातळ पट्टी प्लगच्या पोटाला, कातडीची बाजू आत ठेवून, इलॅस्टिक दोऱ्याने घट्ट गुंडाळायची. पण पट्टी जाड झाली की प्लगचं हलणं मरतं, आणि हलणं मेलं की वासाचा काही उपयोग नाही. बांधून झाल्यावर बोटीच्या शेजारी पाण्यात धरून बघायचंच. अर्ध्यापाऊण तासाने पट्टी धुवून निघाल्यासारखी पांढरी पडते, तेव्हा बदलायची. आळस इथे महागात पडतो.

हेलकाव्यांचं बघा. प्लगच्या पुढच्या भागावरून पाणी सुटताना एकदा डावीकडे एकदा उजवीकडे भोवरे तुटतात आणि तेच त्याला हलवतात. ढोबळ हिशोब असा की वेगाला रुंदीने भागा आणि ०.२ ने गुणा. तीन सेंटीमीटर रुंद तोंड, सेकंदाला ०.८ मीटर पाणी, म्हणजे सेकंदाला पाचेक हेलकावे. सॅमनच्या दोन्ही अंगांवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत जाणारी जी पार्श्वरेषा असते ती पाण्याची नेमकी अशीच मंद हालचाल टिपते, पण साधारण एक-दोन शरीरलांबी एवढ्याच अंतरावरून. म्हणून जवळ न्यायचं, तळाशी न्यायचं. आत खुळखुळणाऱ्या गोळ्या घातलेले प्लग मिळतात, त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, त्या खुळखुळ्याचा बराचसा आवाज उंच पट्टीतला असतो आणि या पॅसिफिक सॅमनच्या जवळच्या नात्यातल्या अटलांटिक सॅमनला ऐकू येतं ते साधारण ३८० हर्ट्झपर्यंतच.

हे पाच हेलकावे रॉडच्या टोकाला स्पष्ट दिसतात, ठक ठक ठक. टोकाचा ताल बिघडला, मंदावला किंवा थांबला तर प्लगला पानं-गवत अडकलंय, लगेच वर घ्या. असा मेलेला प्लग वीस मिनिटं ओढत फिरणारे लोक दर बोटीत सापडतात.

प्लग सरळ पळतो का हेही बघायला हवं. डावीकडे झुकत असेल तर पुढची कडी पकडीने अगदी किंचित उजवीकडे वळवायची, उजवीकडे झुकत असेल तर उलट. केसभर वळवा, पाण्यात बघा, परत वळवा. नवीन पाकिटातला प्लग सरळ पळेलच असं समजू नका. आणि दोरी कडीला थेट गच्च गाठ मारून नको, गोल स्नॅप लावा म्हणजे प्लगला मोकळं हलता येतं.

रंगावर लोक तासन् तास भांडतात. मला सांगण्यासारखं एवढंच वाटतं की स्वच्छ खोल पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विझतो, पण गढूळ किंवा चहाच्या रंगाच्या नदीत उलट होतं, तिथे निळा आधी मरतो आणि नारिंगी-लाल प्रकाश टिकतो. आणि गंमत म्हणजे गोड्या पाण्यात परतताना पॅसिफिक सॅमनच्या डोळ्यातलं रंगद्रव्यही बदलतं, ए१ व्हिटॅमिनवरून ए२ वर जातं, ज्याने डोळा लालसर उजेडाला जास्त संवेदनशील होतो. म्हणून पाणी गढूळ असेल तर नारिंगी, लाल, शार्ट्रूझ (भडक पिवळट हिरवा), आणि स्वच्छ असेल तर चंदेरी, निळा, हिरवा. बाकी बॉक्समध्ये चाळीस रंग ठेवणं ही हौस आहे, त्यात वाईट काही नाही.

मासा लागला की सगळ्यात अवघड काम करायचं, म्हणजे काही न करणं. रॉड होल्डरमध्येच राहू द्या. सॅमन प्लग तोंडात धरतो, डोकं हलवतो, टोक दोनदा तीनदा दणकतं, आणि आपला हात शिवशिवतो. तेव्हा झटका दिलात तर प्लग त्याच्या तोंडातून सरळ समोर ओढून काढाल, कारण त्याचं तोंड तुमच्याकडे आहे. तो प्लग घेऊन वळू दे, रॉड पार पाण्यापर्यंत वाकून तिथेच राहिला की मग उचला. वळला की हुक जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, तिथून सहसा सुटत नाही.

कधी जायचं? कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाच्या फिश लॅडरवर १९३८ पासून मासे मोजले जातात, रोजचे आकडे ऑनलाईन असतात, २०१३ च्या शरद ऋतूत तिथून साडेनऊ लाखांच्या आसपास चिनूक गेले होते. आकडा चढायला लागला की दोन-तीन दिवसांत वरच्या भागात नशीब आजमावायचं. पहाटेचा मंद उजेड चांगला. पाणी २० अंशांच्या वर गेलं की मासा थकलेला असतो, चावतही नाही आणि सोडलेला जगतही नाही, तेव्हा गप घरी बसा. आणि नियम रोज बदलतात. ब्रिटिश कोलंबियाच्या नद्यांत एकच, बिनकाट्याचा हुक लागतो, म्हणजे पाकिटातल्या प्लगचे तिहेरी हुक आधी काढायचे. अलास्काच्या केनाई नदीत १९८५ साली ४४ किलोचा चिनूक निघाला होता, रॉड-रीळवरचा तो विक्रम अजून टिकून आहे, पण अलीकडच्या वर्षांत त्याच नदीत चिनूक धरायलाच बंदी आहे. वॉशिंग्टन-ओरेगनमध्ये बऱ्याच ठिकाणी फक्त हॅचरीचा मासा ठेवता येतो, त्याच्या पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असतो. तो पर शाबूत असेल तर मासा रानटी आहे, त्याला बोटीत घेऊन फोटो काढत बसायचं नाही, जाळीतच पाण्याखाली ठेवून पक्कडने हुक काढायचा आणि प्रवाहाकडे तोंड करून धरायचा, शेपटी हातातून स्वतः झटकून घेईपर्यंत.