टायरचा दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला?

डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला की ‘सेन्सर (चाकात बसवलेलं, हवेचा दाब मोजणारं उपकरण) गेला, चारही बदला’ हा सल्ला बरीच वर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोकांचे पैसे नाहक जातात.

दिवा सलग पेटलेला राहिला तर बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो, हवाच कमी असते. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की दाब साधारण २ पीएसआयने (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) घटतो. म्हणून थंडीत सकाळी दिवा लागतो आणि थोडं अंतर गेल्यावर कधीकधी आपोआप विझतोही. टायर गार असताना गेजने दाब मोजा आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेल्या दाबाशी ताडून पाहा.

गाडी सुरू करताच दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांत तो यंत्रणेतल्या बिघाडाचा इशारा असतो. तरीही चारही कशाला? टायरवाल्याकडचं स्कॅन टूल व्हॉल्व्हजवळ धरलं की सेन्सर आपला क्रमांक आणि दाब कळवतो. जो गप्प राहील, तोच बदलायचा. आतली बॅटरी सीलबंद असते, साधारण ५ ते १० वर्षं चालते. गाडी तेवढी जुनी असेल आणि टायरही नवे घालत असाल, तर चारही एकदम बदलणं मला पटतं. टायर पुन्हा उतरवायची मजुरी वाचते. सेन्सरची रेडिओ फ्रिक्वेन्सी मात्र गाडीशी जुळायलाच हवी: ३१५ मेगाहर्ट्झचा सेन्सर ४३३ वाल्या गाडीला दिसणारच नाही.

आणि काही गाड्यांच्या चाकांत असा सेन्सर नसतोच! तिथे एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकाच्या फिरण्यावरून हवेचा अंदाज घेतं. हवा भरा, मेन्यूतून रीसेट करा.