प्लेट बदलली, कंट्रोलर जुनाच राहिला

इंदूरच्या महाराणी रोडवर जळका चार्ज कंट्रोलर (सोलर पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणारी पेटी) घेऊन गेलात की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला, "कितने एंपियर का?" तुम्ही वीस सांगता, तो तीसचा काढून देतो. सिमरोल-मानपूरकडच्या शेतघरावर तो बसतो आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच दुकानात येतो. अँपिअर विचारणं चूक नाही, पण व्होल्ट कुणी विचारत नाही. ही सवय लागली त्यालाही कारण आहे, आणि ते सोलरच्याही आधीचं आहे.

जुन्या डायनामोवाल्या मोटारींत 'कटआउट' असे. इंजिन मंद चालू लागलं की डायनामोचा दाब, म्हणजे व्होल्ट, बॅटरीपेक्षा खाली जाई आणि बॅटरीच उलट डायनामोत रिकामी होऊ लागे. कटआउट तेवढ्यात तार तोडी. शेजारच्या रेग्युलेटरचं काम बॅटरी जास्त भरू न देण्याचं. आजचा कंट्रोलर मुळात हीच दोन कामं करतो: रात्री प्लेटकडे उलटा प्रवाह जाऊ देत नाही आणि दिवसा बॅटरी उकळू देत नाही. (कागदावर पॅनेल म्हणतात, पण इंदुरात मराठी घरांतही 'प्लेट'च.)

सिलिकॉनचा सोलर सेल १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला, तेव्हा त्याची कार्यक्षमता जेमतेम ६ टक्के होती. पुढची बरीच वर्षं तो उपग्रहांवरच परवडे. १९७३ च्या तेलसंकटानंतर तो जमिनीवर रुळला, तेव्हा त्याच्यासमोर तयार बॅटरी होती ती मोटारीची, १२ व्होल्टची. म्हणून ३६ सेलची प्लेट रूढ झाली. प्रत्येक सेलचा साधारण अर्धा व्होल्ट, म्हणजे कामाच्या वेळी १८ च्या आसपास. बाराच्या बॅटरीला अठरा कशाला? कारण बॅटरी भरायला १४.४ लागतात, थोडं तारेत नि डायोडमध्ये जातं, आणि उन्हात तापलेला सेल दाब गमावतो. आपल्याकडच्या मे महिन्यात प्लेट साठ अंशांवर तापते, तेव्हा अठराचे पंधरा-साडेपंधरा उरतात. कंट्रोलरचा खर्च वाचवायला कमी सेलच्या, म्हणजे दाबच कमी असल्याने बॅटरी जास्त भरू न देणाऱ्या प्लेटाही तेव्हा निघाल्या होत्या. थंड देशांत त्या चालल्या असतील. माळव्याच्या उन्हाळ्यात तीस सेलची प्लेट तेरा व्होल्टांपाशीच धापा टाकेल.

भारतात साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेडने १९७७ मध्ये पहिला सोलर सेल आणि १९७८ मध्ये पहिलं पॅनेल बनवलं. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा वेगळा विभाग झाला आणि सरकारी योजनांतून घरगुती दिव्यांचे संच गावोगाव पोचले: ३७ वॅटची प्लेट, ४० अँपिअर-तासांची बॅटरी, दोन सीएफएल. कंट्रोलरवर 'लोड' लिहिलेल्या टोकांची जोडी या काळातली. बॅटरी अकरा व्होल्टांच्या आसपास उतरली की दिवे आपोआप बंद व्हावेत, एवढीच तिची अपेक्षा. ती जोडी आजही बऱ्याच कंट्रोलरवर दिसते आणि लोक तिच्यात थेट इन्व्हर्टर जोडतात. दोन दिव्यांचा दरवाजा आणि त्यातून मिक्सर, मोटर, फ्रिज! इन्व्हर्टर सुरू होतानाचा पहिला झटकाच आतला मॉसफेट (उघडझाप करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) जाळायला पुरतो. इन्व्हर्टरची जागा थेट बॅटरीवर, मध्ये फ्यूज घालून.

नोव्हेंबर २००० मध्ये मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची वीजनिर्मिती तिकडे गेली. इथे त्यानंतर जी भारनियमनं सोसली ती आमच्या पिढीला तोंडपाठ आहेत; २००३ ची विधानसभा निवडणूक 'बिजली, सडक, पानी' यावरच झाली. इंदूरच्या रामबागेतल्या वाड्यांत जिन्याखाली ट्यूब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर आले ते याच सुमारास. पुढे वीज सुधारली, बॅटऱ्या राहिल्या. त्यांनाच प्लेट जोडून सोलर करायची कल्पना मग आपसूक आली.

तोवर प्लेट मात्र बदलली होती. मोठ्या वीजप्रकल्पांना बारा व्होल्टशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासाठी ६० आणि ७२ सेलच्या प्लेटा निघाल्या आणि खप वाढल्याने त्याच स्वस्त झाल्या. ३३० वॅटची अशी प्लेट कामाच्या वेळी साधारण ३७ व्होल्ट आणि ९ अँपिअर देते. जुना, साधा कंट्रोलर पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन) जातीचा, आणि तो खरं तर वेगाने उघडझाप करणारा स्विच. तो प्लेटचा दाब खेचून बॅटरीएवढा करतो. नऊ अँपिअर गुणिले तेरा व्होल्ट, म्हणजे १२० वॅटसुद्धा नाहीत. बाकीचे दोनशे छतावरच राहिले. कंट्रोलर बिघडलेला नसतो, तक्रार मात्र त्याच्याच नावाने येते.

यावरचा उपाय म्हणजे एमपीपीटी (मॅक्सिमम पॉवर पॉइंट ट्रॅकिंग) जातीचा कंट्रोलर. प्लेट ज्या दाबावर सर्वाधिक वॅट देते तिथे तिला ठेवायचं आणि जादा व्होल्टचे अँपिअर करून बॅटरीला द्यायचे. उपग्रहांसाठी या कल्पनेवर १९६० च्या दशकाच्या अखेरीसच काम सुरू झालं होतं. मायक्रोकंट्रोलर स्वस्त झाल्यावर ती जिन्याखाली आली. निवडीचं गणितही तिथेच बदललं. पीडब्ल्यूएमला प्लेटचा शॉर्ट-सर्किट प्रवाह (दोन्ही टोकं थेट जोडल्यावरचे अँपिअर) बघून त्यात पंचवीस टक्के वाढवले की भागतं. एमपीपीटीत प्लेटांचे एकूण वॅट भागिले बॅटरीचे व्होल्ट: १६२० वॅट २४ व्होल्टवर ६७.५ अँपिअर मागतात, ४८ वर चौतीसच. आणि शिवाय कंट्रोलर सोसू शकेल ते कमाल व्होल्ट. ५४० वॅटच्या तीन प्लेटा सिरीजमध्ये, म्हणजे एकीपुढे एक, लावल्या तर कागदावर भार नसतानाच्या, प्रत्येकी ४९.५ च्या हिशेबाने १४८.५ व्होल्ट होतात, कंट्रोलर १५० चा, म्हणजे बसतं असं वाटतं. पण कागदावरचा आकडा २५ अंशांचा आहे. गारठ्यात दाब वाढतो. जानेवारीत पाच अंशांच्या सकाळी पहिलं ऊन पडलं की तेच १५६ होतात आणि कंट्रोलर जातो. दुकानदार तेव्हाही अँपिअरच विचारतो.

सगळेच दोष इतके नाट्यमय नसतात. कंट्रोलर सकाळी अकरालाच 'फुल' दाखवतो आणि दिवे रात्री आठला जातात, ही तक्रार फार येते. मीटर आधी कंट्रोलरवर लावा, मग थेट बॅटरीच्या टोकांवर. कंट्रोलरपासून बॅटरी पाच मीटरवर असेल, तार अडीच स्क्वेअर एमएमची असेल आणि वीस अँपिअर वाहत असतील, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेत १.४ व्होल्ट खर्च होतात. कंट्रोलरला १४.४ दिसतात, बॅटरीला पोचतात तेरा. ते भरणं म्हणायचं तरी कसं? दोन्हीकडे आकडा सारखा आला तर दोष बहुधा बॅटरीचा: तिच्या आतल्या शिशाच्या पट्ट्यांनी सल्फेट धरलं की दाब चटकन चढतो, साठा मात्र होत नाही.

आता जिन्याखाली लिथियम येते आहे, आणि तिच्यासोबत कंट्रोलरवरच्या आणखी दोन जुन्या खुणा अडचणीच्या झाल्या आहेत. लेड-अ‍ॅसिडसाठीचं 'इक्वलायझेशन' (अधूनमधून मुद्दाम जास्त दाबाने भरणं) आणि तापमानानुसार दाब बदलणं, दोन्ही लिथियमला नकोत. सेटिंग तसंच राहिलं की भर दुपारी बीएमएस (लिथियम बॅटरीतलं राखणदार सर्किट) बॅटरी तोडतो, कंट्रोलरच्या पायाखालचा आधार जातो आणि बॅटरीकडच्या बाजूला दाब उसळतो. म्हणून बंद करताना आधी प्लेट काढायची, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट. कारण १२ व्होल्टवर चालायचं की २४ वर, हे कंट्रोलरला बॅटरीकडूनच कळतं.