लटकत्या दोरातला ताण

वजन असलेला दोर वर बांधून सरळ खाली सोडला की ताण सगळीकडे सारखा नसतो, मोकळ्या टोकाला शून्य आणि अडकवलेल्या जागी पूर्ण दोराच्या वजनाइतका. कुठल्याही जागी खाली जेवढं लटकतंय तेवढं वजन तिथला ताण पेलतो, म्हणजे एकसारख्या दोरात खालच्या टोकापासूनचं अंतर, दर मीटरचं वस्तुमान आणि g (गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) यांचा गुणाकार. अकरावी-बारावीच्या गणितांत दोर बिनवजनाचा धरतात म्हणून हे सहसा दिसत नाही.

हे पहिल्यांदा कोणी मांडलं यावर एकमत नाही. लिओनार्दो दा विंचीच्या टिपणांत (साधारण १५०० च्या आसपास) लोखंडी तारेला वाळूची टोपली टांगून वेगवेगळ्या लांबीच्या तारा तोडून बघायचा प्रयोग आहे, काहीजण मूळ तिथे शोधतात, पण त्या तारांचं स्वतःचं वजन किरकोळ, त्यामुळे लांब तार आधी तुटली तर कारण तारेतले दोष हेच जास्त पटतं. श्रेय गॅलिलिओला देणं बरं. १६३८ च्या ग्रंथात त्याने तांब्याची तार किती लांब झाली की स्वतःच्याच वजनाने तुटेल याचा हिशेब केलाय, उत्तर ४८०१ हात, आणि जाडीने फरक पडत नाही हेही सांगितलंय, कारण जाडी वाढली की ताकद वाढते तसं वजनही वाढतं. गंमत म्हणजे हाच नियम त्याने पंपातल्या पाण्यालाही लावला, १८ हातांवर पाणी चढत नाही कारण पाण्याचा दोर तुटतो म्हणे! खरं कारण हवेचा दाब, ते पुढे टॉरिचेलीने दाखवलं.

नाशिककडे हे हाताला कळतं ते अंजनेरी-त्र्यंबकच्या बाजूला रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) करताना. मीटरला ७५ ग्रॅमचा ६० मीटर दोर म्हणजे साडेचार किलो, वर अँकरला (दोर जिथे बांधलाय त्या आधाराला) त्याचेच ४४ न्यूटन. सत्तर किलोचा माणूस लटकला की एकूण ७३० च्या आसपास, मग तो स्थिर असताना वर असो की खाली, अँकरला तेवढेच. पण माणसाच्या खालच्या दोरात फक्त शेपटाचं, म्हणजे खाली लोंबणाऱ्या दोराचं, वजन, म्हणून कड्यावरून निघताना फिगर एट (दोर ज्यातून ओवून घर्षणाने वेग आवरतात ती आठच्या आकाराची धातूची कडी) जड चालतो, दोर हाताने वर उचलून भरवावा लागतो, आणि खाली येता येता तोच सुळसुळ सुटायला लागतो, नवख्यांनी ब्रेकचा हात (खालचा दोर धरून वेग आवरणारा) तिथेच सांभाळायचा. पावसात भिजलेला दोर अजून जड.

रिकाम्या दोराला खालून झटका दिला तर लाट वर जाताना वेग पकडते, ६० मीटरला सुमारे ५ सेकंद.