मुदत भरली, पण डिस्चार्ज थांबला: जवानाने अर्ज कसा करावा?

सीमेवर तणाव वाढला की आमच्या भागात घरोघरी एकच प्रश्न असतो: "पोराची मुदत भरली, पेन्शनवर यायचा होता, आता ठेवून घेतील का?" ठेवून घेऊ शकतात. पण त्यालाही कायदा आहे, आणि तो घरच्यांना माहीत असायलाच हवा.

सेना नियम 1954 मधला नियम 11 सांगतो की भरतीच्या अटींप्रमाणे डिस्चार्जचा हक्क मिळाला की जवानाला शक्य तितक्या लवकर मोकळं करायचं. केंद्र सरकारने अधिसूचना काढून संपूर्ण सेनेसाठी किंवा तिच्या एखाद्या भागासाठी हा हक्क स्थगित केला असेल, तर मात्र थांबावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: अधिसूचना निघाली आहे का? 'युनिटला माणसं कमी पडतात' हे तोंडी कारण म्हणजे अधिसूचना नव्हे.

नौदलात वेगळं आहे. नौदल कायदा 1957, कलम 16 नुसार मुदत सक्रिय सेवेच्या (युद्ध, मोहीम अशा) काळात संपली, तर नौदल प्रमुखांना गरज असेल तेवढा काळ नाविकाला सेवेत राहावं लागतं.

डिस्चार्जचा हा हक्क मुदत पूर्ण केलेल्यांचा. घरच्या अडचणीमुळे मुदतीआधी स्वतःहून मागितलेला डिस्चार्ज सेना नियमांतल्या नियम 13 खाली येतो आणि तो वरिष्ठांच्या मंजुरीवर अवलंबून असतो. वाढीव सेवेला आधी होकाराची सही दिली आहे का, तेही आठवून पाहा. दिली असेल तर नवी तारीखच धरली जाईल.

सैन्यातल्या जवानाने आधी कंपनी कमांडरकडे लेखी अर्ज द्यावा. त्यात भरतीची तारीख, मुदत संपल्याची तारीख आणि डिस्चार्ज कोणत्या आदेशाने थांबवला याची विचारणा असावी. सोबत भरतीच्या फॉर्मची प्रत आणि सेवेच्या नोंदी जोडा. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं. दाद मिळाली नाही तर सेना कायदा 1950, कलम 26 खाली तक्रार करता येते.

त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण, म्हणजे सैनिकांच्या सेवेचे वाद ऐकणारं न्यायालय. तिथे सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा 2007, कलम 14 चा अर्ज. अंतिम आदेश झाल्यापासून सहा महिन्यांत तो करायचा. तक्रारीवर सहा महिने आदेशच झाला नाही, तर त्यापुढच्या सहा महिन्यांत. मुंबईत खंडपीठ आहे, पण सेवेतल्या जवानाने साधारणपणे पोस्टिंगच्या किंवा प्रकरण घडलेल्या ठिकाणच्या खंडपीठाकडे जायचं असतं. अर्ज, पोच, युनिटचं उत्तर, सगळं जोडा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हक्क आपला असला तरी रीतसर डिस्चार्ज होईपर्यंत जवान सेना कायद्याखालीच असतो. मुदत संपली म्हणून परस्पर घरी निघून आला, तर कलम 39 ची विनारजा गैरहजेरी, नाहीतर कलम 38 चं पलायन अंगावर येतं. सक्रिय सेवेत पलायनाला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. आईवडिलांनी फोनवर "ये निघून" म्हणू नये.

आणि डिस्चार्ज मिळेल तेव्हा सेना कायद्याच्या कलम 23 चं प्रमाणपत्र नीट वाचून घ्या. सेवा कोणी संपवली, कारण काय, एकूण सेवा किती, हे त्यात असतं. ते इंग्रजीबरोबर जवानाच्या मातृभाषेतही द्यायचं असतं. मराठी प्रत मागून घ्या.