नॉब आवळल्याने तोल साधत नाही

थंडीत पैठणच्या नाथसागर जलाशयावर रोहित आणि पट्टकदंब पक्षी उतरले की काठाकाठाने लांब लेन्सवाले दिसू लागतात. त्यांच्यातल्या अनेकांची एक सवय पाहून माझा जीव खालीवर होतो. कॅमेरा पुढे झुकतो म्हणून ते ट्रायपॉड हेडचा, म्हणजे तिपाईवर कॅमेरा धरणाऱ्या भागाचा, नॉब आणखी आवळतात. त्याने घर्षण तेवढं वाढतं, वजन होतं तिथंच राहतं. नॉब जरा सैल झाला की महागडी लेन्स खाडकन खाली येते.

हेडमध्ये एक आडवा आस असतो, त्याच्याभोवती कॅमेरा वर-खाली फिरतो. कॅमेरा, लेन्स, तिच्या तोंडावरचा हूड, बॅटरी या सगळ्यांचा मिळून एक गुरुत्वमध्य असतो. तो आसाच्या पुढे गेला तर लेन्स झुकते, मागे राहिला तर आभाळाकडे तोंड करते. बैलगाडीत पोती भरणारा शेतकरी हेच सांभाळतो: मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, मग पोती पुढे ओढावी लागतात. इथे प्लेट, म्हणजे कॅमेरा हेडवर बसवणारी पट्टी, मागेपुढे सरकवायची. लेन्स लांब आणि जड असेल तर गुरुत्वमध्य कॅमेऱ्याच्या बराच पुढे असतो. अशा वेळी प्लेट कॅमेऱ्याच्या बुडाला न लावता लेन्सच्या कॉलरलाच, म्हणजे लेन्सभोवतीच्या कड्यालाच, लावावी.

पण एवढ्याने अर्धंच काम होतं, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. साध्या हेडवर गुरुत्वमध्य आसाच्या वर असतो. कॅमेरा आडवा असताना तोल छान वाटतो, खाली वळवला की तो आणखी खाली जाऊ पाहतो. ३ किलोच्या संचाचा गुरुत्वमध्य आसापासून १० सेंटीमीटर वर असेल, तर ३० अंश झुकवल्यावर सुमारे १.५ न्यूटन-मीटर पीळ (फिरवणारा जोर) बसतो, ९० अंशांवर त्याच्या दुप्पट. व्हिडिओच्या फ्लुइड हेडमधली काउंटरबॅलन्सची, म्हणजे तोल सांभाळणारी, स्प्रिंग बरोबर एवढीच उलटी ओढ देण्यासाठी असते. ड्रॅगचं, म्हणजे हेडमधल्या अवरोधाचं, काम वेगळं: तो हालचाल संथ करतो, वजन पेलत नाही. लांब लेन्स झोपाळ्यासारखी धरणाऱ्या गिंबल हेडमध्ये तर लेन्स वर-खाली सरकवून गुरुत्वमध्य थेट आसावरच आणता येतो. मग कोणत्याही कोनात सोडा, कॅमेरा तिथंच थांबतो.

तोल पाहताना सगळं जोडलेलं हवं: टोपी काढलेली, हूड चढवलेला, झूम हव्या त्या जागी. झूम करताना नळी बाहेर येणारी लेन्स असेल तर गुरुत्वमध्यही पुढे सरकतो. कॅमेऱ्याखाली हात धरून नॉब हळूहळू सैल करा आणि कुठे कलतो ते बघा.

नाथसागराचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात ट्रायपॉडचा पाय हळूहळू खचत जातो. एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवा, तिन्ही पाय दाबून रोवा, थोडं थांबा आणि मगच पातळीचा बुडबुडा मधोमध आणा. तो चुकला तर उडत्या थव्यामागे कॅमेरा फिरवताना क्षितिज तिरकं होत जातं.