तरती पवनचक्की २५ वर्षे चालावी यासाठी काय तपासावे

पाणी ६० मीटरपेक्षा खोल गेले की पवनचक्की समुद्रतळात रोवणे सहसा परवडत नाही. मग ती पोलादी तराफ्यावर उभी करून साखळ्यांनी नांगरतात. तराफा क्वचितच दगा देतो. बिघाड होतो तो साखळीच्या वरच्या टोकाला, वीजकेबलच्या लटकत्या भागात आणि मुख्य बेअरिंगमध्ये, म्हणजे पात्यांचा आस ज्यावर फिरतो त्या भागात. आमच्या तपासणी आराखड्यात निम्म्याहून जास्त काम या तीन जागांचे असते, त्याचे कारण हे.

साखळी: कारखान्यात चाचणीचा ताण देताना कड्या एकमेकींवर दबून त्यांच्या टेकण्याच्या जागा चपट्या होतात. पुढे समुद्रात ताण जास्त असला की घर्षणामुळे या कड्या एकमेकींवर फिरत नाहीत, अडकून बसतात. तराफा डोलला की साखळी वळत नाही, कडीच वाकते. अंगोलाजवळच्या गिरासोल तेलक्षेत्रात बोयाच्या (नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपाच्या) साखळ्या याच कारणाने बसवल्यापासून वर्षही पुरे होण्याआधी तुटल्या. कारण आयुष्याच्या हिशेबात फक्त ओढीचा ताण धरला होता, हे वाकणे धरलेच नव्हते. म्हणून फेअरलीडजवळच्या (साखळी तराफ्याला जिथे मिळते त्या वाटाड्या भागाजवळच्या) पहिल्या काही कड्यांचा हिशेब आम्ही वेगळा करतो.

गंज धरताना कडीचा व्यास वर्षाला ०.२ ते ०.४ मिमी कमी होईल असे मानतात. २५ वर्षांत ५ ते १० मिमी. हे किरकोळ समजू नका. कडी बारीक झाली की तिच्यातला ताण वाढतो, आणि थकव्याचे (वारंवार ताण बसून धातू कमकुवत होण्याचे) नुकसान ताणाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. ताण १० टक्के वाढला की नुकसान ३३ टक्के वाढते, म्हणजे आयुष्य पावभागाने घटते. बसवण्याआधीच प्रत्येक साखळीच्या वरच्या कड्यांचे व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजून नोंदवा. ही पहिली नोंद नसेल तर पाचव्या वर्षी पाणबुडी यंत्राने घेतलेले माप कशाशी ताडणार?

ताणमापक अनेकदा साखळीच्या आधी बंद पडतो. त्यामुळे उपग्रहावरून तराफ्याची जागा सतत नोंदवत राहा. वारा आणि प्रवाह तेच असताना सरासरी जागा सरकली, तर साखळी तुटली, सैल झाली किंवा नांगर घसरला असे समजून लगेच तपासा. तीनच साखळ्या असतील तर एक तुटल्यावर तराफा वाहू लागतो आणि केबलही ओढली जाते.

केबल तरंगगोळ्यांच्या आधाराने पाण्यात लाटेसारखी वळवलेली असते. तिच्यावर शिंपले-शेवाळ साचले की वजन वाढून ती खाली बसते. गोळे घसरले तर वळण बिघडते. तराफ्याखालचा वाकरोधक (केबलला जास्त वाकू न देणारा भाग) सैल झाला तर तारा तिथेच थकतात. शिशाचे आवरण सतत वाकणाऱ्या केबलसाठी आम्ही सुचवत नाही, त्याला भेगा लवकर पडतात.

बेअरिंगचा प्रश्न वेगळा आहे. तिथे भाग महाग, पण दुरुस्तीची जागा त्याहून महाग. इतक्या खोल पाण्यात पाय रोवून उभी राहणारी क्रेनबोट चालत नाही. २०१७ पासून वीज देणाऱ्या हायविंड स्कॉटलंड या तरत्या पवनप्रकल्पाच्या पाचही पवनचक्क्या २०२४ मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी ओढून नॉर्वेला न्याव्या लागल्या. स्कॉटलंडच्याच किनकार्डीन या तरत्या प्रकल्पातल्या एका पवनचक्कीला २०२२ मध्ये रॉटरडॅम गाठावे लागले. केबल आणि साखळ्या सोडून परत जोडायच्या, तर शांत समुद्राचे दिवस सलग मिळावे लागतात. म्हणून कंपन, तापमान आणि ग्रीसमधले लोखंडाचे प्रमाण यांची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, म्हणजे दुरुस्ती उन्हाळ्यात बसवता येते. लहान बोटीने माणसे चढवायची मर्यादा साधारण दीड मीटर लाटेची. हिवाळ्यात ती फार वेळा ओलांडली जाते.

आराखड्यासाठी आम्हाला साखळीची प्रत आणि व्यास, पाण्याची खोली, लाटांच्या नोंदी, केबलचा छेद-नकाशा आणि कड्यांची पहिली मापे पाठवा.