‘ए’ म्हणजे रक्तच, असं कुठे लिहिलंय?

भुताच्या सिनेमाचा बेत ठरला की ग्रुपवर कुणीतरी विचारतंच, “रक्तबिक्त किती आहे रे?” उत्तर येतं, “‘ए’ आहे, समजून जा.” पण त्यातून ते समजत नाही. ‘ए’ हे वयाचं प्रमाणपत्र आहे. आत कुणाला सोडायचं एवढंच ते सांगतं. आत काय वाढून ठेवलंय ते सांगायचं काम इशाऱ्याच्या ओळीचं.

सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र १९५२च्या कायद्याखाली मिळतं. ‘ए’ असेल तर अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही, आईबाबा सोबत असले तरी नाही. ‘यूए’ मात्र पालकांना दिलेला सल्ला आहे. २०२३च्या दुरुस्तीने त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. गंमत म्हणजे ‘यूए १६+’ला दहा वर्षांचं पोर घेऊन गेलात तर कायदा अडवत नाही, निर्णय तुमचा. अमेरिकेतल्या आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. तिकडचं ‘आर’ त्यांना आपल्या ‘ए’सारखं वाटतं, पण त्यात सतराच्या आतल्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर जाता येतं.

आता इशारा. २०२१च्या नियमांनुसार ओटीटीवर कार्यक्रम सुरू होताना वयोगटासोबत मजकुराचं स्वरूपही दाखवावं लागतं. कोपऱ्यात दोन-तीन शब्द येतात: व्हायोलन्स, गोअर, लँग्वेज (म्हणजे शिवराळ भाषा). त्यातले पहिले दोन एकच समजू नका. व्हायोलन्स म्हणजे मारहाण, गोळीबार. त्यात रक्ताचा थेंबही न दिसता माणूस मरू शकतो. गोअर म्हणजे आतलं बाहेर आलेलं दाखवणं. कोथळा हा शब्द आपल्याला शाळेच्या इतिहासातच भेटतो, फक्त तिथे कॅमेरा जवळ जात नाही.

‘तुंबाड’ (२०१८) घ्या. प्रमाणपत्र ‘ए’, पण अंगावर येते ती ओल, पाऊस आणि माणसाची हाव. नुसतं अक्षर पाहून रक्ताचे पाट बघायला गेलेला हिरमुसेल, आणि रक्ताला घाबरून घरी बसलेला चांगल्या सिनेमाला मुकेल. ‘ए’ नग्नतेमुळे मिळू शकतं, शिव्यांमुळे, अमली पदार्थांमुळेही. अक्षर तेच.

थिएटरात तर आणखी मजा. पात्राने सिगारेट पेटवली की पडद्यावर आरोग्याचा इशारा हजर. पुढच्याच दृश्यात त्याचं मुंडकं उडतं, त्याची पूर्वसूचना कुणी देत नाही! मला रक्ताचं काही वाटत नाही, पण सुई टोचताना दाखवली की मी डोळे मिटतो. माझ्यासारख्याला ‘१६+’चा काय उपयोग? त्याला ओळच हवी. उलट घरात आठवीतला मुलगा असेल तर आधी अक्षर पाहावं. ओटीटीवर ‘यूए १३+’ आणि त्यापुढच्या मजकुराला पालकांसाठी कुलपाची सोय द्यावीच लागते, पण कुलूप तुम्ही लावलं तरच लागतं.

टीव्हीचं आणखी वेगळं. ‘ए’ सिनेमा तसाच दाखवता येत नाही, काटछाट करून नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यामुळे मामाने थिएटरात पाहिलेला आणि तुम्ही रविवारी दुपारी जेवताना पाहिलेला सिनेमा नावाने एकच असला, तरी “त्यात काहीच नव्हतं” यावरून त्याच्याशी वाद घालू नका.